टाचेतला थेंब आधी

डोक्याला मार लागलेल्या माणसाला सीटी स्कॅनची गरज आहे की नाही, हे ठरवायला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये परवानगी दिली. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या मेंदूच्या पेशींतल्या दोन प्रथिनांची ती मोजणी. २०२४ पर्यंत ती इतकी आटोपशीर झाली की खाटेशेजारच्या छोट्या यंत्रात रक्त घालायचं आणि पंधरा मिनिटांत उत्तर घ्यायचं. परवानगी मात्र अठरा वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठीच आहे. मला लिहायचं आहे ते या अटीत न बसणाऱ्यांबद्दल, म्हणजे लहान मुलांबद्दल.

कारण मागणी तिथूनच येणार. तापाने फणफणलेलं मूल अचानक डोळे फिरवतं, हातपाय ताठ करतं. घरात कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल. मग घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रिक्षा दवाखान्यापाशी पोचली की आईबाबांचा प्रश्न ठरलेला : डॉक्टर, मेंदूला काही झालं नाही ना? आजवर याचं उत्तर डॉक्टर तोंडी देत आले. तेच उत्तर छापील आकड्यात मिळेल म्हटल्यावर नको कोण म्हणेल? आणि आमच्या लॅबच्या धंद्याला भीतीचा वास फार लवकर लागतो. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात व्हिटॅमिन डी शिरलं, तसं उद्या मुलांसाठीचं ‘ब्रेन मार्कर’, म्हणजे मेंदूची इजा दाखवणारं प्रथिन रक्तात मोजणं, शिरायला वेळ लागणार नाही. एनएसई ही त्यातली एक चाचणी तर आपल्याकडे आधीपासून होते, ट्यूमर मार्कर, म्हणजे कर्करोगाची खूण, म्हणून.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या आकड्यामुळे मुलाच्या उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, तो आईबापांना विकू नये. आणि ज्या आकड्यामुळे मेंदू वाचतो, तो ठाणे जिल्ह्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचा काढलाच पाहिजे, मग बाळ हिरानंदानी इस्टेटमधलं असो की मुरबाडच्या पाड्यावरचं.

आधी या नव्या चाचण्यांना त्यांचं श्रेय देऊ. चेतापेशीचा जो लांब धागा असतो, अ‍ॅक्सॉन, त्याला आतून ताठ ठेवणारे तंतू असतात. त्यातला एक न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजे एनएफएल. धागा तुटला की तो बाहेर सांडतो. टाऊ हे प्रथिन त्याच धाग्यातल्या वाहतुकीच्या नळ्यांना धरून असतं. जीएफएपी आणि एस१००बी ही चेतापेशींना सांभाळणाऱ्या तारकापेशींची प्रथिनं, तर एनएसई हे चेतापेशीत साखर जाळण्याच्या कामातलं एंझाइम. म्हणजे कुठलं प्रथिन वाढलं यावरून मार धाग्यांना बसला, पेशींना बसला की त्यांच्या आधाराला, याचा अंदाज बांधता येतो. पूर्वी यातलं बरंचसं फक्त पाठीतल्या पाण्यात मोजता यायचं. रक्तातलं एनएफएल मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम असतं, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. इतकं थोडं पकडणारी यंत्रं गेल्या दीडेक दशकातली. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ब्लेनोव आणि झेटरबर्ग यांच्या प्रयोगशाळेने या क्षेत्रात फार मोठं काम केलेलं आहे.

रक्तात मोजता येणं ही आपल्यासाठी किती मोठी सोय आहे, हे ज्याने वॉर्डातून सॅम्पलची वाट पाहिली आहे त्याला विचारा. पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं, ही समजूत कोपरखैरण्याच्या चाळीपासून टॉवरच्या तिसाव्या मजल्यापर्यंत सारखीच पक्की आहे. सुई जाते ती मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली. मूल लुळं पडतं ते आजाराने. पण हे समजावेपर्यंत वेळ जातो. मेंदूच्या टीबीचा संशय असलेल्या मुलाचं सॅम्पल दोन दिवस उशिरा का आलं असं विचारलं, की वॉर्डातून उत्तर यायचं : आजोबा गावाहून येईपर्यंत सही नव्हती. त्या दोन दिवसांत मेंदूतलं पाणी साचत जातं.

मग अडतंय कुठे? पहिल्यांदा नॉर्मल रेंजपाशी. एनएफएल नवजात बाळात जास्त असतं, बालपणात उतरत जातं आणि मोठेपणी वयाबरोबर पुन्हा चढतं. एस१००बीचंही तेच : पहिल्या एक-दोन वर्षांत ते मुळातच इतकं वर असतं, की मोठ्यांची रेंज लावली तर खेळती-हसती बाळं आजारी ठरतील. स्कॅन्डिनेव्हियातले डॉक्टर २०१३ पासून मोठ्या माणसांच्या सीटीचा निर्णय घेताना एस१००बीची मदत घेतात, पण मार लागल्यापासून सहा तासांच्या आत घेतलेल्या रक्तातच. त्यातही हे प्रथिन मेंदूपुरतं नाही, चरबीत आणि कूर्चेतही असतं. मूल गॅलरीतून पडलं आणि डोकं वाचलं पण हात मोडला, तरी आकडा वर जाऊ शकतो.

दुसरी अडचण लॅबवाल्याखेरीज कुणाच्या सहसा लक्षात येत नाही. एनएसई लाल रक्तपेशींतही भरपूर असतं. आता गुटगुटीत बाळाची शीर सापडत नाही, तीन ठिकाणी टोचून, दाबून, पिळून रक्त काढलेलं असतं. ते शहापूरहून मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलवरून ठाण्याला येतं, ठाण्याहून खाडीपलीकडे नवी मुंबईच्या लॅबमध्ये जातं. सेंट्रिफ्यूजमधून बाहेर येतं तेव्हा सिरम गुलाबी झालेलं असतं. पेशी फुटल्या, आतलं एनएसई बाहेर आलं, आकडा दुप्पट. आम्ही रिपोर्टवर ‘हिमोलाइझ्ड’ असा शेरा मारून मोकळे होतो. आई ठळक छापलेला आकडा वाचते. शेरा कुणी वाचत नाही.

वेळेचा घोळ आणखी वेगळा. एस१००बी काही तासांत ओसरतं, एनएसई दिवसभर रेंगाळतं, एनएफएल तर दिवसांमागून दिवस चढत जातं आणि आठवडे टिकतं. इजा कधी झाली आणि रक्त कधी घेतलं हे ठाऊक नसेल तर त्या आकड्यातून काही कळत नाही. आणि एनएफएल हातापायांतल्या नसांतूनही येतं, म्हणजे ते वाढलं याचा अर्थ मेंदूच दुखावला असाही नाही.

तापातल्या साध्या फिटचंच घ्या. ती एकदाच येते, काही मिनिटांत थांबते, मूल शुद्धीवर येतं. अशा फिटने मेंदूला कायमची इजा होत नाही, हे मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून समजलेलं आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०११ च्या मार्गदर्शनात तर अशा मुलाला सरसकट ईईजी किंवा स्कॅनही सांगू नका, तापाचं कारण शोधा, असं म्हटलं आहे. तिथे मार्करचा आकडा काढून करायचं काय? कमी आला तर जे आधीच माहीत होतं तेच कळलं. चुकून जास्त आला तर एमआरआय, त्यासाठी भूल, पुन्हा रक्त, आणि घरात वर्षभर कुजबुज. डोक्याच्या माराचंही तसंच. २००९ मध्ये अमेरिकेत बेचाळीस हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून सीटी कधी करू नये याचे नियम बांधले गेले. शुद्ध हरपली का, किती उंचीवरून पडलं, टेंगूळ कुठे आहे, असे ते साधे प्रश्न. लहानग्यांसाठीच्या त्या यादीत ‘मूल नेहमीसारखं वागतंय का’ हा प्रश्नसुद्धा आहे, आणि तो आईबापांना विचारायचा आहे. रक्ताची चाचणी त्यात एकही नाही.

तरीही या मार्करना हाकलून द्या असं मी म्हणणार नाही, कारण काही आजारांत त्यांनी स्वतःची किंमत सिद्ध केली आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, एसएमए, हा स्नायू निकामी करत जाणारा जनुकीय आजार घ्या. उपचार न मिळालेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात न्यूरोफिलामेंट प्रचंड वाढलेलं असतं, आणि नुसिनर्सेन हे औषध सुरू केल्यावर ते झपाट्याने उतरतं. सीएलएन२ या दुर्मीळ आजारात बुद्धी आणि नजर दोन्ही जातात. तिथेही मेंदूत थेट सोडल्या जाणाऱ्या एंझाइमने एनएफएल खाली येतं. ही औषधं परवडण्याच्या पलीकडची आहेत. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मान्यताप्राप्त केंद्रांतून पन्नास लाखांपर्यंत मदत मिळते, आणि मुंबईत केईएम हे असं केंद्र आहे. सार्वजनिक तिजोरीतून एका मुलामागे एवढा पैसा जात असेल, तर औषध लागू पडतंय का हे लवकर सांगणारी चाचणी त्याच खर्चात धरली पाहिजे. भीती एकच आहे : आकडा पुरेसा उतरला नाही म्हणून कुठल्या तरी टेबलावर फाइल बंद व्हायची. मूल मान धरू लागलं का, कुशीवर वळतं का, हे पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा कागद त्या आकड्याच्या वर ठेवावा लागेल.

आणि बाहेरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, याचा धडा आपल्याला मिळालेला आहे. जन्मताच न रडलेल्या, प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचं शरीर सहा तासांच्या आत थंड करून तीन दिवस साधारण ३३.५ अंशांवर ठेवलं तर मेंदू वाचण्याची शक्यता वाढते, असं श्रीमंत देशांतल्या चाचण्यांनी दाखवलं होतं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तीच पद्धत वापरून पाहणाऱ्या हेलिक्स या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. थंड केलेल्या बाळांत ४२ टक्के दगावली, न केलेल्यांत ३१ टक्के. इजेचं नाव एकच, पण आईचं आजारपण, कळांचा काळ, जंतुसंसर्ग हे सगळं इथलं वेगळं. उपचाराची ही गत, तर नॉर्मल रेंजची काय कथा? ठाणे महापालिकेचं कळव्याचं रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, आणि तिथे शहापूर-मुरबाडपासून पालघरपर्यंतची मुलं येतात. उपचारासाठी काढलेल्या रक्तातलं आणि पाठीतल्या पाण्यातलं उरलेलं थोडं, पालकांच्या संमतीने साठवून आपल्या मुलांच्या वयानुसार रेंजा बांधायचं काम अशा ठिकाणी व्हायला हवं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायला सांगतात. असलं काम सावकाश होतं. पॅकेज विकून तर होतच नाही.

आता टाचेकडे येतो.

जन्मजात थायरॉइडची कमतरता असलेलं बाळ पहिले काही आठवडे अगदी गुणी दिसतं. रडत नाही, खूप झोपतं, शेजारणी कौतुक करतात. आत मेंदूची बांधणी अडलेली असते. आयसीएमआरच्या बहुकेंद्री अभ्यासात असं बाळ साधारण अकराशे जन्मांमागे एक निघालं. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं. सहा महिन्यांनी लक्षात आलं तर गेलेली बुद्धी गोळीने परत येत नाही. गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त. चाचणी म्हणजे टाचेतून गाळणकागदावर घेतलेले चार थेंब. वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवरून नवजात बाळ तपासायची रॉबर्ट गथ्रीची पद्धत १९६० च्या दशकातली आहे, आणि थायरॉइडसाठी ती क्यूबेकमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्याला सुरू झाली. कागदावर हिशेब मांडून पाहू. पालघर वेगळा झाल्यानंतरच्या ठाणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ८० लाखांवर. हजारी पंधरा जन्म धरले तरी वर्षाला सव्वा लाखाच्या जवळपास बाळं, म्हणजे या एका आजाराची शंभरेक. दर वर्षी.

साखरेचं तर त्याहून सोपं आहे. आजी म्हणते पहिलं दूध जड, आधी मध चाटवा, गुटी द्या. बाळ कमी वजनाचं असेल तर दुसऱ्या दिवशी सुस्त पडतं. ग्लुकोमीटरची एक पट्टी तेव्हा लावली नाही, की त्याची किंमत पाच-सहा महिन्यांनी कळते. बाळ झोपेतून उठल्यावर मान खाली टाकून, हात पसरून एकामागोमाग एक झटके देऊ लागतं आणि घरचे समजतात पोटात कळ येते. आपल्या देशात तान्ह्या बाळांच्या या झटक्यांमागे जन्मानंतर साखर उतरणं हे एक प्रमुख कारण आहे. एमआरआयमध्ये डोक्याच्या मागच्या भागातली इजा स्पष्ट दिसते. तिचं छायाचित्र काढायला हजारो रुपये लागतात, ती टाळायला एक पट्टी पुरली असती.

काविळीचंही असंच. कोवळ्या उन्हात धरा, उतरेल, या भरवशावर चार दिवस जातात, आणि कावीळ आणणारं बिलिरुबिन हे द्रव्य मेंदूच्या खोल भागात मुरलं की मूल ऐकणं गमावतं, हातपाय वेडेवाकडे होतात. जी६पीडी हे एंझाइम कमी असलेल्या बाळाला तर कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या वासाची दुपटीसुद्धा महागात पडतात, रक्तपेशी फुटून कावीळ एकदम चढते. बिलिरुबिन मोजणं आणि निळ्या दिव्याखाली ठेवणं यात न परवडणारं काय आहे? आणि बी१२. आई काटेकोर शाकाहारी, तिच्याच अंगात बी१२ नाही, बाळ वर्षभर फक्त अंगावर पितं. मग हसणारं, बसणारं मूल हळूहळू मंद होतं, केस विरळ, बोटांची पेरं काळवंडलेली, हात थरथरतात. इंजेक्शनं दिली की आठवड्यांत चेहऱ्यावर ओळख परत येते. फार उशीर झाला तर सगळी येत नाही. गरोदरपणी आईचं बी१२ पाहिलं असतं तर हा प्रसंगच आला नसता.

टीएसएच (थायरॉइडची कमतरता दाखवणारा आकडा), साखर, बिलिरुबिन, बी१२ ही सगळी जीवरासायनिक चिन्हंच आहेत. फरक इतकाच की ती इजा होऊन गेल्याचं कळवत नाहीत, होणार आहे हे सांगतात. त्यांच्या मागे प्रत्येकी एक स्वस्त उपाय उभा आहे. नव्यांच्या मागे तो अजून फार थोड्या ठिकाणी उभा आहे. त्यामुळे आधी काय, हा प्रश्न मला अवघड वाटत नाही. ज्यांना वाटतो त्यांचं पॅकेज बहुधा छापून तयार असतं.

गंमत अशी, की मुलांच्या तपासणीची देशव्यापी योजना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाली ती पालघरलाच, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं, आजारांची यादी घेऊन. मूळच्या तीस आजारांच्या त्या यादीत जन्मजात थायरॉइडची कमतरता आहे, पण सिकल सेल आणि थॅलेसेमियाबरोबर शेवटी, ऐच्छिक म्हणून. गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांची रक्ततपासणी सुरू केली होती, केरळने सरकारी रुग्णालयांत पुढे नेली. आपल्याकडे तर देशभरातून विमानाने आलेले रक्ताचे नमुने तुर्भ्याच्या एमआयडीसीत रातोरात तपासून होतात, त्यात थायरॉइडचे भरपूर. कल्याणमधल्या बाईचा टीएसएच सकाळी नाश्त्याच्या आत मोबाइलवर येतो. मग तिच्या बाळाचा का नको?

हजारातल्या एकासाठी हजारांना टोचायचं का, असं विचारणारे भेटतात, डॉक्टरांतही. खोट्या धोक्याचं भय खरं आहे. जन्मानंतर पहिल्या दिवशी टीएसएच आपोआप उसळतं, तेव्हा रक्त घेतलं तर भलत्याच बाळांना परत बोलवावं लागतं. म्हणून ४८ तास थांबायचं. पण साध्या प्रसूतीनंतर तितका वेळ खाट कोण देतं? इथे नाळेतलं रक्त कामाला येतं. नाळ कापायचीच असते, त्यातलं थोडं नळीत घ्यायचं, टोचणंही नाही. वर निघालेल्या आकड्याची मात्र बाळाच्या रक्तात खात्री करावीच लागते. आणि खरी गोची तिथे आहे : बाळ सापडलं पाहिजे.

पहिलटकरीण बाळंतपणाला किंवा त्यानंतर माहेरी जाते. रजिस्टरमध्ये पत्ता सासरचा, दिव्याचा नाहीतर घणसोलीचा, फोन नवऱ्याचा, आणि तो शिफ्टमध्ये असल्याने उचलत नाही. बाळ तोवर जव्हारला किंवा संगमेश्वरला पोचलेलं असतं. तेव्हा डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या आजीचाही नंबर लिहून घ्यायला हवा, दोन्हीकडच्या. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातातच, त्यांच्या फॉर्ममध्ये ‘टीएसएचचा रिपोर्ट आला का’ एवढा एक रकाना वाढवावा आणि त्या कामाचा मोबदलाही वाढवावा, नाहीतर तो रकाना रिकामाच राहील. खासगी प्रसूतिगृहांना नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी ही तपासणी दाखवायला लावायचं काम ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली या महापालिका करू शकतात. आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी दर महिन्याला तालुकावार जाहीर करावं, की टीएसएच वाढलेली बाळं किती निघाली आणि त्यातल्या किती जणांची गोळी चौदाव्या दिवसाच्या आत सुरू झाली.